पुढचं डावं चाक

"पुन्हा बसलंय," संध्या स्वतःशीच म्हणाली. खांद्यावरची बॅग तिने पोर्चच्या कठड्यावर ठेवली आणि खाली वाकली.

जुन्या अल्टोचं पुढचं डावं चाक फरशीवर पसरलं होतं. अगदी सपाट नाही, पण तसं घेऊन नांदूर नाक्यापर्यंतही जाता आलं नसतं. काल संध्याकाळी ड्यूटीवरून येतानाच तिने हवा भरून घेतली होती. स्टेपनीचा टायर तर कधीच गुळगुळीत होऊन गेला होता. अजून नीट उजाडलंही नव्हतं आणि थंडी अशी, की पायपंपाची नळी लाकडासारखी ताठ झाली होती.

तिने दवाखान्यात फोन लावला. निफाडच्या त्या खासगी दवाखान्यात ती स्टाफ नर्स होती. सकाळची ड्यूटी सुरू व्हायच्या आत पोचलं नाही, तर रात्रपाळीची मुलगी अडकून पडायची.

"सिस्टर, मला आज थोडा उशीर होईल. टायर..."

"परवाही टायरच होता ना गं?" मोठ्या सिस्टर मंगलाबाईंचा आवाज झोपेतला नव्हता, वैतागलेला होता. "संध्या, मी तुझी बाजू कितीदा घेऊ? डॉक्टर विचारायला लागलेत. त्यांना माणूस वेळेवर पाहिजे."

"निघतेच आहे."

पंप मारताना तिला घाम आला. मागे दार वाजलं. तेजस्विनी स्वेटरच्या बाह्यांत हात लपवून उभी होती. सहावीतली पोर, शाळा दुपारची, पण ती आईच्या आधी उठून बसायची.

"मम्मी, नको ना जाऊ आज. एवढा उशीर झालाच आहे तर."

"हवा भरली की निघते. अण्णांना चहा दिलास?"

"देते."

आतल्या खोलीत मशीन घुरघुरत होतं. अण्णा म्हणजे संध्याचे सासरे, रंगनाथ. सगळी हयात साखर कारखान्याच्या वाहन विभागात फिटर म्हणून गेली. आता फुप्फुसं निकामी झाली होती. वर्षभरापासून खिडकीजवळची कॉट आणि नाकातली नळी. मशीन हवेतून ऑक्सिजन काढून द्यायचं. लाइट गेली तर कोपऱ्यातला सिलिंडर. संध्याने तो सुरू करायला तेजूला शिकवलं होतं. दुसरं कोण होतं घरात? नवरा महेश चाकणच्या कंपनीत, पंधरवड्याने एकदा यायचा. स्वयंपाकाला आणि अण्णांकडे बघायला धोंडाबाई यायच्या, पण त्यांना पहिली दोन घरं उरकून यायला अकरा वाजायचे. तोवर तेजू आणि अण्णा, दोघंच.

त्या दिवशी संध्या दवाखान्यात पोचली तेव्हा रात्रपाळीची मुलगी पर्स खांद्याला लावून जिन्यातच उभी होती. तिथेच तिने चाव्या हातात दिल्या.

परत येताना संध्याने गाडी नाक्यावरच्या पंक्चरवाल्या फकिराकडे लावली. त्याने चाक खोललं, पाण्याच्या टाकीत बुडवून गोल गोल फिरवलं. एक बुडबुडा नाही.

"ताई, टायर एकदम ओके हाय. मागच्या वेळी पण हेच सांगितलं मी."

"मग हवा जाते कुठं?"

"कधी कधी गाडीच्या वजनावरच लीक होतं. इथं पाण्यात कळत नाय ते." त्याने हवा भरून टोपण घट्ट बसवलं. "असं करा. सकाळी हवा कमी दिसली, तर पंप लावू नका, काय खोलू पण नका. हाय तसंच साबणाचं पाणी मारा सगळीकडून. जिथून जात असंल तिथं फेस येतोच."

रात्री जेवताना तिने हे सांगितलं. एरवी गाडीचा विषय निघाला की अण्णा धाप लागली तरी बोलायचे. क्लच कसा दाबावा, इंजिन गरम झालं तर काय करावं, कारखान्यात कोणत्या साहेबाची जीप कशी बंद पडली होती. आज ते खिचडीचा घास घोळवत राहिले. तेजू ताटातल्या शेंगदाण्यांची रांग लावत होती.

"अण्णा, तुम्हाला काय वाटतं? रिम वाकली असेल का?"

"असंल," ते म्हणाले आणि पाण्याचा ग्लास मागितला.

गुरुवारी तिची साप्ताहिक सुट्टी असायची. त्या सकाळी ती मुद्दाम बघायला गेली, तर चाक टणक. दिवसभर टणक. तिला बरं वाटलं. फकिराने टोपण घट्ट लावलं म्हणून थांबलं असेल. शुक्रवारी ड्यूटी होती. शुक्रवारी पहाटे चाक बसलेलं.

मग तिने पंपाला हातच लावला नाही. मगात भांड्यांचा साबण घुसळला, जुनं फडकं बुडवलं आणि उकिडवी बसून चाकाला साबण लावायला लागली. आधी वरचा सगळा भाग. गाडी हाताने जराशी ढकलून खालचा भाग. मग रिमची कड. बोटं बधिर झाली. फेस नुसताच निथळून जात होता. शेवटी उरलं हवा भरायचं तोंड, काळं टोपण लावलेलं. त्यावर तिने फडकं पिळलं.

टोपणाच्या खालून बारीक बारीक बुडबुडे आले. फुटले, पुन्हा आले. एकमेकांवर चढत फुलकोबीच्या गड्ड्यासारखे झाले.

तिला हसूच आलं. एवढ्याशा टोपणाने आपल्याला रडवलं! तिने टोपण फिरवलं. ते अर्धवटच बसवलेलं होतं. सुटताच त्यातून काहीतरी फरशीवर पडलं आणि हवेची सूं थांबली.

मुगाचा दाणा होता. हिरवा, एका बाजूने चेपलेला. टोपणात दाणा घातला, की तो आतली पिन दाबून धरणार आणि रात्रभर हवा जात राहणार. सकाळी पंप लावायला टोपण काढलं की दाणा नकळत पडून जाणार, मग फकिराच्या टाकीत बुडबुडे येणार कुठून?

संध्याने मागे पाहिलं. तेजू दुधाची पिशवी घेऊन फाटकात उभी होती. आईच्या तळहातावरच्या दाण्याकडे तिची नजर गेली आणि पिशवी तिच्या हातातून सुटली. फुटली नाही, फरशीवर थलथलत पडली.

"तू?"

तेजूने हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले.

"तेजू, तू केलंस हे? इतके दिवस?"

मुलीने मान खाली घातली. संध्याच्या डोळ्यांसमोर जिन्यात उभी असलेली ती रात्रपाळीची मुलगी आली, मंगलाबाईंचा आवाज आला, थंडीत मारलेला पंप आला. तिचा हात उठला. थोबाडीत बसली ती चांगलीच बसली. तेजू रडली नाही. गालावर साबणाचा फेस लागला होता, तो तिने बाहीने पुसला.

"माझी नोकरी घालवायची आहे तुला? बोल!"

आतून पितळी ग्लास कॉटच्या लोखंडावर आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा. अण्णांना हाक मारता येत नसली की ते असं करायचे.

संध्या आत गेली. अण्णा उशीवरून अर्धे उठले होते.

"मारू नको... तिला."

"अण्णा, तुम्हाला माहीत नाही तिने काय केलंय."

"ठावं हाय." ते थांबले, श्वास गोळा केला. "रोज बघतोय. संध्याकाळी तू आंघोळीला गेली का... जायची चाकापाशी." त्यांनी खिडकीकडे हात केला. पोर्च तिथून स्वच्छ दिसत होता. गाडीचं पुढचं डावं चाक तर अगदी समोर. "मीच सांगितलं व्हतं तिला. गंमत म्हणून. कारखान्यात साहेबाच्या जीपला... पोरं असंच करायची."

"तुम्ही बघत होतात? आणि मी इतक्यांदा विचारलं तरी बोलला नाहीत?"

अण्णांनी नाकातली नळी उगाच सारखी केली. त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरली. नजर भिंतीवर ठेवून मग म्हणाले, "तू घरी राहिली का... बरं वाटायचं. अर्धा दिवस का व्हईना."

संध्या कॉटच्या कडेवर बसली. दारात तेजू येऊन उभी राहिली होती. पिशवी तिने उचलून छातीशी धरली होती.

"मम्मी, त्या दिवशी लाइट गेली होती," ती म्हणाली.

"कोणत्या दिवशी?"

"दिवाळीच्या सुट्टीनंतर. तू गेलीस आणि लगेच गेली. मशीन बंद पडलं. मी सिलिंडरकडे पळाले, पण ती चावी फिरेना. तू कसली घट्ट लावली होतीस. अण्णांचे ओठ जांभळे झाले. ते असे... असे करत होते." तिने तोंड उघडून मिटून दाखवलं. "मी नॅपकिन गुंडाळून फिरवली. तेव्हा फिरली. तुला फोन केला, तू उचलला नाहीस."

संध्याला तो फोन आठवला. ड्यूटीवर मोबाइल लॉकरमध्ये असायचा. जेवणाच्या सुट्टीत तिने उलट फोन केला होता. तेजू म्हणाली होती, काही नाही, असंच केला. आणि ती मटकीच्या डब्याचं झाकण उघडून जेवायला बसली होती.

"सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, बघ, जमलं ना तुला." तेजूचा आवाज आता चिरकला. "मम्मी, मी एकटी असताना अण्णा मेले तर मी काय करू?"

मशीन घुरघुरत राहिलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते, पण ते झोपले नव्हते हे तिघांनाही माहीत होतं.

संध्याने पोरीला जवळ ओढलं. ज्या गालावर मारलं होतं तो गाल तिच्या ड्रेसवर दाबला गेला. मग तिने बाहेर जाऊन चाकात हवा भरली, टोपण रिकामं आहे हे बघून लावलं आणि शेजारच्या सुमनबाईंचं दार वाजवलं. ड्यूटीला जावं तर लागणारच होतं.

चाकाची हवा त्यानंतर कधी गेली नाही.

सुमनबाई काही सकाळी येऊन बसल्या. चांगल्या बाई, पण त्यांच्या घरी सून बाळंत झालेली, त्यांचं अर्धं लक्ष भिंतीपलीकडच्या रडण्याकडे. सातच्या आत येईल अशी दुसरी बाई मिळेना. महेश फोनवर म्हणाला, "बघतो, सुट्टी टाकून बघतो," आणि ती काही त्याला मिळाली नाही. तेजू आता आईला थांब म्हणत नव्हती. सकाळी गाडी निघाली की ती कॉटच्या पायथ्याशी पुस्तक उघडून बसायची आणि पुस्तकापेक्षा अण्णांच्या छातीकडेच जास्त बघायची. वर जातेय, खाली येतेय. अण्णांना ते कळायचं. ते तिच्याकडे पाठ करून झोपायला लागले.

थंडी वाढली तशी त्यांच्या छातीत घरघर सुरू झाली. एका संध्याकाळी, तेजू बाहेर खेळायला गेलेली असताना, त्यांनी संध्याला जवळ बोलावलं.

"मला तुझ्या दवाखान्यात टाक."

"अण्णा, औषध बदलून आणलंय. बरं वाटेल."

"टाक म्हणतो ना."

"तिथं असं कायमचं कुणाला ठेवत नाहीत."

"कायमचं कुठं मागतोय मी?" ते म्हणाले.

संध्याने मान वळवली. नर्स म्हणून ती हे वाक्य किती माणसांच्या तोंडून ऐकून होती. उत्तर काय द्यायचं हेही तिला पाठ होतं. तिने त्यांची चादर वर ओढली.

"पोरगी इथंच बसून अभ्यास करती," अण्णा म्हणाले. "तिला पुढं ह्या खोलीत राहायचंय. मला इथं मरायचं नाय."

डॉक्टरांनी छाती तपासून भरती करून घ्यायला होकार दिला. महेशला फोन केला, तर तो "तुझ्या नजरेसमोर राहतील," एवढंच म्हणाला.

निघायच्या सकाळी अण्णांनी दाढी करून घेतली, धुतलेला पांढरा शर्ट घातला. संध्या आणि सुमनबाईंनी दोन्ही बाजूंनी धरून त्यांना गाडीच्या पुढच्या सीटवर बसवलं. पायांत छोटा सिलिंडर. पट्टा लावताना त्यांच्या छातीची हाडं संध्याच्या मनगटाला लागली. तेजू फाटक धरून उभी होती. अण्णांनी काच खाली करायला लावली.

"तेजू, हवा बघ गं चाकात."

तेजूने आईकडे पाहिलं. मग ती पुढे आली, डाव्या चाकाला चपलेने लाथ मारली. त्यांनीच शिकवली होती तशी, आवाज ऐकत. चारही चाकं तिने अशीच बघितली आणि खिडकीशी येऊन म्हणाली, "ओके आहे."

"शाब्बास," अण्णा म्हणाले. तिच्या डोक्यावर हात ठेवायला त्यांनी तो खिडकीबाहेर काढला, पण तो तिथवर पोचला नाही. तेजूनेच वाकून डोकं हाताखाली दिलं.

ओढा गेलं, चांदोरी गेली. दोन्ही अंगांना द्राक्षबागा, कागदात गुंडाळलेले घड, रस्त्याच्या कडेला क्रेट भरून उभ्या पिकअप. सायखेडा फाट्यावर संध्याने गाडी हळू केली. आत गोदाकाठी त्यांचं गाव होतं, भावकी होती.

"वळू का आत? थोडा वेळ?"

अण्णांनी फाट्याकडे पाहिलं. एका टपरीवर तवा तापत होता, धूर रस्त्यावर येत होता.

"नको. चल. तुला उशीर व्हईल."

वॉर्डात त्यांना कोपऱ्यातली कॉट मिळाली. संध्या ड्यूटीवर असली की येता-जाता चादर सारखी करायची, पाणी पाजायची. बाकीच्या पोरीही त्यांना अण्णाच म्हणायला लागल्या. पहिले काही दिवस ते जरा सुधारल्यासारखे वाटले. शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याशी ट्रॅक्टरच्या गिअरवरून वाद घालण्याइतके. गुरुवारी संध्याने तेजूला शाळा बुडवून आणलं. तिने त्यांना संत्रं सोलून दिलं, एकेक फोड, वरचा पापुद्रा काढून. निघताना ती वळून वळून बघत होती, पण चेहऱ्यावर भीती नव्हती. इथे पांढऱ्या कपड्यांतली माणसं होती. आई होती.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी ऊसतोडीच्या मजुरांची ट्रॉली उलटली. बायका, पुरुष, एक तान्हं मूल. सगळे एकदम आले. खालचा हॉल रक्ताने आणि ओरडण्याने भरून गेला. वॉर्डातल्या नर्सलाही खाली बोलावलं. संध्याने एका बाईच्या डोक्याची जखम दाबून धरली होती आणि डॉक्टर टाके घालत होते. ती बाई सारखी विचारत होती, माझं पोरगं कुठंय. मध्येच एकदा संध्याला वाटलं, वर जाऊन बघून यावं. पण हात काढला असता तर रक्त सुरू झालं असतं. तिने हात काढला नाही.

सगळं आटोक्यात आलं तेव्हा वॉर्डबॉय सोमनाथ जिन्यात दिसला. तो खाली येत नव्हता, अर्ध्या जिन्यातच थांबला होता.

"सिस्टर, अण्णांकडे येता का जरा."

शेजारचा म्हातारा एक्स-रेचा फोटो काढायला गेला होता, त्याची कॉट रिकामी. अण्णा कुशीवर होते. मास्क गालावर सरकला होता आणि ऑक्सिजन उशीवर वाहत होता. एक हात कॉटच्या दांड्याला होता. बोटं गार पडून वळली होती. बराच वेळ झाला असणार. स्टुलावर बशीने झाकलेला चहा तसाच होता.

संध्याने बशी उचलून पाहिली, पुन्हा ठेवली. मग तिने ऑक्सिजन बंद केला. दांड्यावरची बोटं एकेक करून सोडवली, हात छातीवर आणला. डोळे मिटले. हनुवटीखालून बँडेज घेऊन डोक्यावर गाठ मारली. शर्टाचं वरचं बटण लावलं. हे सगळं तिने याआधी परक्यांसाठी अनेकदा केलं होतं. मंगलाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "संध्या, दुसरी कुणी करेल." ती म्हणाली, "झालंच आहे."

सायखेड्याला, नदीच्या काठी सगळं झालं. महेश आला, चुलते आले. दशक्रियेला तेजू बायकांमध्ये बसून राहिली, कुणी काही विचारलं तर मान हलवत. पाहुणे पांगले. महेश चाकणला परत गेला. मशीन ज्यांचं होतं ते येऊन घेऊन गेले, आणि घर इतकं शांत झालं की फ्रिज बंद-चालू झालेलाही ऐकू यायला लागला.

त्या संध्याकाळी संध्या रिकाम्या कॉटवर बसून अण्णांच्या चादरींच्या घड्या करत होती. तेजू आली, तिच्याजवळ बसली. एक चादर उलगडून तिने पुन्हा घडी घातली.

"मम्मी, तू होतीस ना त्यांच्याजवळ?"

संध्याचे हात थांबले नाहीत.

"हो."

"म्हणजे शेवटी? अगदी शेवटी?"

"होते."

"त्यांना कळलं का, तू आहेस ते?"

"कळलं. माझा हात धरला होता त्यांनी."

तेजूने थोडा विचार केला. "घट्ट?"

"घट्ट."

"कोणता हात?"

संध्याने तिच्याकडे पाहिलं. पोर खरंच विचारत होती. तिने उजवा हात पुढे केला.

तेजूने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला. उलटा केला, सुलटा केला, बोटांवरून बोट फिरवलं. मग तसाच धरून ती आईच्या मांडीवर डोकं टेकून आडवी झाली. बाहेर अंधार पडत गेला. दिवा लावायला हवा होता, कुकर लावायला हवा होता. हाताला मुंग्या आल्या, मग तो बधिर झाला. पण संध्याने तो काढून घेतला नाही.